आकड्यात राम किती?

रोज रात्री नऊ वाजले की माझा फोन थरथरू लागतो. ‘२१००.’ ‘३३००, आज गुडघा दुखत होता म्हणून कमी.’ ‘आईंचे ११,०००, माझे ५००.’ आमच्या सोसायटीतल्या चाळीसेक जणांनी मिळून ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या मंत्राचा तेरा कोटींचा संकल्प सोडला आहे. ज्याने त्याने आपला दिवसाचा आकडा गटावर टाकायचा आणि गटप्रमुखांनी तो एक्सेलमध्ये चढवायचा. माणशी रोज दोन हजार धरले तरी साडेचार वर्षांचे काम आहे. साडेनऊच्या सुमारास गटप्रमुखांचा निरोप येतो, ‘ज्यांची संख्या आली नाही त्यांनी लगेच पाठवावी, बेरीज अडली आहे.’

रामाची बेरीज अडते हे वाचून पहिल्यांदा मला हसू आले. पण हसणारा मी काही वेगळा नव्हतो. एका रात्री माझा जप साडेसातशेच झाला होता. वर सगळ्यांचे हजारांचे आकडे झळकत होते, आणि मी बिनदिक्कत ‘१०००’ लिहून मोकळा झालो. आयकराच्या विवरणपत्रात मी आजवर खोटे लिहिलेले नाही (लिहावे इतके उत्पन्नच नाही, ही गोष्ट वेगळी), आणि रामाच्या खात्यात मात्र अडीचशेची अफरातफर केली. हा लेख त्या अडीचशेतून निघाला आहे.

त्या ‘आईंच्या’ अकरा हजारांचाही मी नंतर हिशेब करून पाहिला. मंत्र शब्द न गिळता म्हटला तर एका वेळेला तीनएक सेकंद लागतात. म्हणजे तासाला बाराशे. अकरा हजारांना नऊ तासांहून जास्त. भराभर म्हटला तरी चार-पाच तास कुठे जात नाहीत. त्या बाई खोटे सांगतात असे मला म्हणायचे नाही. भाजी निवडताना, पोळ्या लाटताना त्यांचे ओठ हलत असतील. पण मग ते मोजले कोणी आणि कसे? आणि मुळात का?

एखादी गोष्ट आतून पोकळ निघाली की आपण म्हणतो, ‘त्यात काही राम नाही.’ आपल्या भाषेने रामाचा अर्थ ‘तथ्य’, ‘सत्त्व’ असा करून ठेवला आहे. माझा मुद्दा तेवढाच आहे. नाम घेणे ही एक क्रिया आहे आणि ती ज्याची त्याने, आपल्या तोंडाने किंवा मनाने करायची असते. ती माणसाच्या तोंडून काढून आकड्याकडे, यंत्राकडे, भोंग्याकडे सोपवली की मंत्र जसाच्या तसा राहतो, फक्त त्यात राम राहत नाही. आणि गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी मिळून हेच चालवले आहे.

मोजणी बाहेरून आलेली नाही, हे आधीच कबूल करतो. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे राहून याच मंत्राचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. तेराच का, तर मंत्राची अक्षरे तेरा. अक्षराला एक कोटी. बारा वर्षांनी भागले तर दिवसाला तीस हजारांच्या आसपास येतात, आणि माझ्या वेगाने तीस हजारांना पंचवीस तास लागतील. भक्ताला हा भागाकार पाखंड वाटेल आणि चिकित्सकाला पुरावा. मला दोन्ही वाटत नाही. ‘या माणसाने बारा वर्षे दुसरे काही केले नाही’ हे सांगायची ती एक रीत आहे. आपण बारा वर्षे तिथेच सोडली आणि आकडा तेवढा उचलून आणला.

याहून मासलेवाईक प्रकार कलिसंतरण नावाच्या छोट्याशा उपनिषदात आहे. ‘हरे राम हरे कृष्ण’ हा सोळा नामांचा मंत्र तिथला. नारद ब्रह्मदेवाला विचारतो, याचा विधी काय? ब्रह्मदेव म्हणतो, ‘नास्य विधिः’, याला विधी नाही. माणूस शुद्ध असो की अशुद्ध, म्हणावा. वाचताना बरे वाटते. एवढ्यात लक्षात येते की ही मोकळीक देताना शब्द ‘ब्राह्मण’ असा वापरला आहे, आणि पुढच्याच ओळीत साडेतीन कोटी जप केल्यावर कोणकोणती पापे फिटतात त्याची यादी सुरू होते. विधी नाही म्हणणाऱ्यालाही आकड्याचा मोह सुटला नाही आणि सवलत कोणाला द्यायची हेही तो विसरला नाही. तेव्हा नाम मोकळे सोडायचे की मोजून-मापून द्यायचे, हे भांडण आमच्या व्हॉट्सअॅप गटापेक्षा बरेच जुने आहे.

माझी आजी माण तालुक्यातली. गोंदवले तिच्या पायाखालचे. ब्रह्मचैतन्य महाराज १९१३ साली गेले. आपल्या आईने त्यांना पाहिले होते, हे ती ‘आमच्यात दूध घट्ट असतं’ म्हणावे तितक्या सहज सांगायची. तिची तुळशीची माळ १०८ मण्यांची होती, पण एक माळ झाली की ती शंभरच धरायची. लहानपणी मला वाटे, आजीला मोजता येत नाही. विचारले तर म्हणाली, “आठ सोडायचे. मांजरीनं दुधात तोंड घातलं, धाकटी रडली, दारात कोण आलं… ते सगळं त्या आठात जातं.” महाराष्ट्रात कित्येक घरांत माळ अशीच मोजतात. माणसाचे मन शंभरात आठ वेळा तरी भरकटणारच, हे गृहीत धरून केलेला हिशेब. अंगठीसारखा बोटात घालायचा जो इलेक्ट्रॉनिक काउंटर आता मिळतो, त्यात या आठांची सोय नाही. बटण दाबले की एक. मंत्र म्हटला की नाही, हे बटणाला कळत नाही आणि थोड्या वेळाने बोटालाही कळेनासे होते.

आणि आजीची ती माळ गोमुखीत असायची. गोमुखी म्हणजे गायीच्या तोंडाच्या आकाराची कापडी पिशवी. हात आत घालून माळ ओढायची. तिचे धार्मिक कारण काय सांगतात ते सोडा, व्यवहारातला उपयोग सरळ आहे: तुमची माळ कुठवर आली हे शेजारी बसलेल्याला दिसू नये. आजीचा दिवसाचा जप किती होई, हे घरात कोणालाही माहीत नव्हते. ती गेल्यावर ट्रंकेत तिच्या लिखित जपाच्या वह्या निघाल्या, चौकटी-चौकटीत बारीक अक्षरात तेरा अक्षरे. एकाही वहीवर बेरीज नव्हती. आम्ही ती गोमुखी उलटी केली आणि चव्हाट्यावर टांगली.

नामाच्या महतीची जी गोष्ट आपण पोराबाळांना सांगतो ती वाल्या कोळ्याची. तिच्यात मोजणी आहे, पण कशाची ते पाहा. एक माणूस मारला की एक खडा रांजणात. असे सात रांजण भरले होते. नारद भेटल्यावर मात्र खडे थांबले. पुढे वारूळ वाढले, ऋतू गेले. किती वेळा म्हटले त्याचा खडा कोणी टाकला नाही. वाल्या पापे मोजत होता, नाम मोजत नव्हता. शिवाय तो म्हणत होता तेही उलटे, ‘मरा मरा’. ‘चुकीच्या उच्चाराने मंत्र म्हटल्यास घोर परिणाम’ असे लाल अक्षरातले संदेश मला महिन्यातून दोनदा येतात. वेदमंत्रांच्या बाबतीत स्वराचा आग्रह खरोखरच जुना आहे. ‘इंद्रशत्रू’ या एका शब्दाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारायला निघालेला वृत्र स्वतःच मेला, ही गोष्ट शिक्षाग्रंथांत, म्हणजे वेदोच्चाराच्या जुन्या ग्रंथांत, येते. पण नाममंत्र ही वेगळी जात आहे, आणि तिची सगळ्यात लाडकी गोष्टच मुळी चुकीच्या उच्चाराची आहे. दोन्हींची सरमिसळ करून बाया-बापड्यांना घाबरवणे मला निव्वळ खोडसाळपणा वाटतो.

आमच्या गटातल्या एका काकूंशी मी हे सगळे बोललो. त्यांचे यजमान दीड वर्षापूर्वी गेले. त्या म्हणाल्या, “तुमचं खरं असेल, पण रात्री नऊला कोणीतरी माझ्या आकड्याची वाट बघतंय, एवढ्यासाठी मी संध्याकाळी दिवा लावून बसते. नाहीतर टीव्हीसमोरच झोपले असते.” यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. आजही पूर्ण नाही. आकडा हा हात धरायला बरा आहे, विशेषतः सुरुवातीला, विशेषतः दुःखात. पण काकूंना हवी होती ती वाट बघणारी माणसे. आकडा हे निमित्त. मग चाळीस जणांनी चाळीस खोल्यांतून आकडे पाठवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खालच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून अर्धा तास एकत्र बसावे, असे मी सुचवले. गटप्रमुखांनी विचारले, “त्याची संख्या कशी धरायची?”

मोजणीचे एक वेळ समजते. त्या प्लास्टिकच्या डबीचे मला अजिबात समजत नाही. सॉकेटमध्ये खोचायची, बटण दाबायचे आणि गायत्री, महामृत्युंजय, ‘ॐ नमः शिवाय’, जे हवे ते चोवीस तास चालू. आमच्या भिंतीपलीकडचे कुटुंब एकदा आठ दिवसांसाठी देवदर्शनाला गेले आणि डबी चालू ठेवून गेले. आठ दिवस कुलूपबंद घरात गायत्री मंत्र घुमत होता. ऐकायला पालींशिवाय कोणी नव्हते, आणि भिंतीच्या अलीकडे आम्ही. परत आल्यावर विचारले तर उत्तर मिळाले, “घरात चांगली स्पंदनं राहतात.” राहत असतील. पण त्या आठ दिवसांत गायत्री म्हटली कोणी? गाणाऱ्याने ती कधीतरी स्टुडिओत म्हटली, पैसे घेतले आणि तो घरी गेला. डबीला श्वास नाही, ओठ नाहीत, तिचे मन आठांत भरकटत नाही. भरकटणारे मन पुन्हा ओढून आणणे हाच जर जपातला सगळा खटाटोप असेल, तर ज्याला मनच नाही त्याने जप केला असे म्हणणे, मिक्सरने उपास केला म्हणण्यासारखे आहे.

गंमत अशी की ज्या ग्रंथांचा धाक घालून या डब्या आणि कर्णे चालतात, ते ग्रंथ नेमके उलटे सांगतात. मनुस्मृती घ्या. तिच्याविषयी माझे मत चांगले नाही आणि महाराष्ट्रात ते का नाही हे सांगायला नको. पण तिच्या दुसऱ्या अध्यायात जपाची प्रतवारी आहे: विधियज्ञाहून जप दसपट, ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असा उपांशू जप शंभरपट आणि मनातल्या मनात केलेला हजारपट. आवाज जितका कमी तितके मोल जास्त. या हिशेबाने चौकातल्या चार कर्ण्यांचे मोल काय ठरेल, ते मनूलाच विचारावे लागेल.

इथे कोणी वारकरी माझा कान धरेल आणि धरायलाच हवा. वारी काही मनातल्या मनात चालत नाही. टाळ, मृदंग, हजारो गळे. रिंगणात ‘ज्ञानोबा-तुकाराम’ उठते तेव्हा अंगावर काटा येतो, तो काही उपांशू नसतो. मोठ्याने नाम घेण्याला माझा विरोध नाही. पण तो मोठा आवाज हजार छात्यांतून आलेला असतो, आणि जो म्हणतो तो चालतही असतो, घामही गाळत असतो. मोठ्या आवाजाचे एक अस्सल उदाहरण दक्षिणेतही आहे. वैष्णव आचार्य रामानुजांना तिरुक्कोष्टियूरच्या गुरूंनी अष्टाक्षरी मंत्र दिला आणि बजावले, गुप्त ठेव, फोडलास तर नरकात जाशील. रामानुज देवळाच्या गोपुरावर चढले आणि खाली जमलेल्या सगळ्यांना ‘ॐ नमो नारायणाय’ ओरडून सांगितले. इतक्यांना मोक्ष मिळणार असेल तर मी एकटा नरकात जाईन, हा त्यांचा जबाब. कथा अशीच घडली की नाही, याने मला फरक पडत नाही. उंचावर चढून ओरडायचे एक चांगले कारण असू शकते, ते म्हणजे खालच्यांना काहीतरी द्यायचे आहे. आपले कर्णे काय देतात? बारावीच्या पोराला, रात्रपाळी करून आलेल्या नर्सला, छातीत यंत्र बसवलेल्या म्हाताऱ्याला?

कायदा तर सगळ्यांना पाठ आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा एकदा सांगितले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. तो निकाल मशिदींवरच्या भोंग्यांबाबतच्या तक्रारीवर होता म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. ‘कोणत्याही’ हा शब्द टाळ्यांत बुडून गेला.

२०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्राने जे पाहिले ते मला याच संदर्भात आठवते. मशिदींसमोर दुप्पट आवाजात हनुमान चालिसा लावायची घोषणा झाली आणि चालिसा हे एकाएकी डेसिबलचे शस्त्र बनले. आधी कधी दोन ओळीही न म्हटलेली पोरे स्पीकर भाड्याने आणायला धावली. नियम सगळ्यांना लागू करायची वेळ आली तेव्हा शिर्डीतली काकड आरती आणि शेजारती भोंग्याविना झाली. मला त्यात वाईट काही वाटले नाही; आरती झालीच, फक्त गाभाऱ्यात झाली. वाईट वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. गावाकडे अजून समोरून येणारा ‘रामराम पाटील’ म्हणतो आणि त्यावर ‘रामराम’ असे उत्तर येते. म्हणणाऱ्याची जात-धर्म कोणी विचारत नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत सायकलवरून बांगड्या विकायला येणारे चाचा फाटकातूनच ‘रामराम काकू’ म्हणत. तोच राम कोणाच्या तरी दारासमोर, त्याला खिजवायला म्हणून उच्चारता येतो, हे त्या दोन महिन्यांत शिकायला मिळाले. समोरच्याचा आवाज दाबण्यासाठी घेतलेले नाव हे नाव नसते. ती खुन्नस असते.

विज्ञानाचे प्रकरण थोडक्यात उरकतो, कारण त्यात मला फारसा रस नाही. ‘नासाने सूर्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला, तो ॐ आहे’ हा संदेश दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने उगवतो. पोकळीतून आवाज येत नाही हे आठवीच्या पुस्तकात आहे. खरा अभ्यास हवा असेल तर एक सांगतो: २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. २३ निरोगी माणसे. त्यांना एकदा ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र म्हणायला लावले आणि एकदा ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन ‘आवे मारिया’. दोन्ही वेळा श्वास संथ होऊन मिनिटाला साधारण सहावर आला आणि त्याच्याबरोबर हृदयाची लयही जुळली. मंत्राचा शरीरावर परिणाम होतो म्हणून हा प्रयोग जे फिरवतात, ते त्याचा अर्धाच भाग सांगतात. दुसऱ्या अर्ध्यात, संध्याकाळी गोव्यातल्या एखाद्या घरात कुटुंबाने गुडघे टेकून म्हटलेला तेर्स, म्हणजे तीच ख्रिस्ती जपमाळ, हाही त्याच कामाचा ठरतो. आमचाच मंत्र श्रेष्ठ असे त्या यंत्रांनी सांगितलेले नाही. आणि श्वास संथ होतो म्हणून कोणी नाम घेत असेल तर खुशाल घ्यावे. आजी त्यासाठी घेत नव्हती, एवढेच.

मोजणी, डबी आणि भोंगा यांच्या मागोमाग चौथे येते ते दुकान. गुरुमंत्राची ‘दीक्षा’, तिचे नोंदणीशुल्क, वेगळ्या रांगा, ‘हा मंत्र कोणाला सांगायचा नाही’ अशी अट. महाराष्ट्रात हे चालते याचे मला दरवेळी नवल वाटते, कारण आपल्याकडे याचे उत्तर साडेतीनशे वर्षांपासून लोकांच्या तोंडी आहे. तुकोबांना ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र मिळाला तो स्वप्नात. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. ही हकिगत त्यांनी स्वतःच अभंगात लिहून ठेवली आहे. बाबाजी नावाच्या गुरूंनी डोक्यावर हात ठेवला आणि जेवणासाठी पावशेर तूप मागितले. आणि ते द्यायचे राहून गेले, स्वप्नातच विसर पडला! फी म्हणाल तर एवढीच. पावशेर तूप, तेही स्वप्नातले, तेही बुडवलेले. आणि मिळालेला मंत्र त्यांनी गुप्त ठेवला का? नावानिशी अभंगात घालून गावभर केला. आज वारकरी एकमेकांना भेटले की तोच उच्चारतात, फोन उचलताना तोच उच्चारतात. ज्या मंत्रासाठी तुपाचीही वसुली झाली नाही, त्याच्या परंपरेत जन्मलेल्यांनी मंत्रासाठी पावती फाडावी, याला काय म्हणावे?

आता मी जे म्हणणार आहे त्याने माझ्या बाजूचे काहीजण नाराज होतील. नाम सर्वांना खुले आहे, त्याला जात लागत नाही, अधिकार लागत नाही, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. चोखोबांनाही हे माहीत होते. त्यांच्या तोंडी विठ्ठलाचे नाव होते आणि त्यांना विठ्ठलाच्या दारातून आत जाता येत नव्हते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. ढिगाऱ्यातली हाडे कोणाची, हे ओळखायला नामदेव आले, तेव्हा ज्या हाडांतून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आले ती त्यांनी वेचली आणि पंढरपुरात महाद्वाराशी समाधी बांधली, असे सांगतात. ही कथा ऐकून कीर्तनात डोळे पुसतात. मीही पुसले आहेत. पण समाधी कुठे आहे ते पाहा: दाराबाहेर. हाडे नाम घेत होती तरी दाराबाहेर. ते दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपाशी राहावे लागले. संतांची समता देवापुढची होती, माणसामाणसांतली नव्हती, असे बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिले. याला खोडून काढणारा युक्तिवाद मला अजून सापडलेला नाही. नामाने चोखोबांना काय दिले हे ते जाणोत. त्याने दाराची कडी मात्र काढली नाही. म्हणून ‘नाम घ्या, सगळे सुटेल’ असे जेव्हा कोणी, विशेषतः दाराच्या आत उभा राहून, सांगतो तेव्हा मी कान टवकारतो.

मग मी स्वतः का घेतो? घेतो, हे खरे आहे. गटातून बाहेर पडलो तरी घेतो. किती, ते सांगत नाही. कारण विचारले तर एक रात्र सांगतो.

मी तेव्हा कॉलेजात होतो. वाडीत अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, सगळे कर्ण्यावरून चार कोसांवर ऐकू जाईल असे. पण सप्ताहाचे खरे नाव ‘अखंड’ आहे ते विण्यामुळे. सात दिवस वीणा जमिनीवर टेकवायची नाही. कोणीतरी ती गळ्यात घालून उभे राहायचे आणि नाम चालू ठेवायचे. दोन-दोन तासांचे पहारे वाटून दिलेले असतात. रात्री दोनचा पहारा कोणी घेत नव्हते म्हणून तो माझ्यावर ढकलला होता.

देवळात गेलो तेव्हा वीज गेलेली होती. समईच्या उजेडात वीणा गळ्यात घालून आमच्या वाडीतला एक म्हातारा धनगर उभा होता. डोळे मिटलेले, एक पाय अवघडला म्हणून खांबाला टेकलेला. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. आवाज इतका खाली की तीन हातांवरून ऐकू येईना. समोर ऐकणारे कोणी नव्हते. मी आलो हे त्याला बऱ्याच वेळाने कळले. त्याने वीणा काढून माझ्या गळ्यात घातली आणि रिवाजाप्रमाणे वाकून माझ्या पायाला हात लावला. माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस. मी गोंधळून त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, “थांबू नको म्हंजे झालं.”

त्याचा पहारा संपला होता, पण तो घरी गेला नाही. खांबाशी बसला. माझा सूर लागेना, झोप येई, मध्येच शब्द तुटे; आणि तुटला की खांबाच्या बाजूने तो अलगद उचलला जाई. असे चारपर्यंत चालले. काकड्याला बाया येऊ लागल्या आणि एकदम वीज आली. कर्णा मोठ्याने खरखरला. म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठला, भिंतीपाशी गेला, बटण बंद केले आणि पुन्हा येऊन खांबाला टेकून बसला.